कात्री स्वयंपाकघरातच का?

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे.)

मी ४१ वर्षांची आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. यजमान फौंड्रीत सुपरवायझर आहेत. दोघांचे मिळून ४८,००० रुपये हातात येतात. घरी सासू-सासरे, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा. २०२३ मध्ये सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी नणंदेचं लग्न निघालं. आज पतसंस्थेचे २,४०,०००, सोनेतारणाचे १,५०,०००, यजमानांच्या क्रेडिट कार्डाचे ९२,०००, माझ्या मामांकडून घेतलेले हातउसने १,००,००० आणि उचललेल्या भिशीचे अडीच हजारांचे नऊ हप्ते, एवढं देणं आहे. आठ महिने मी खर्च आवळतेय. दूध दोन लिटरचं एक लिटर केलं, धुण्याभांड्याची बाई बंद केली, पेपर बंद केला, शाळेला रिक्षाऐवजी चालत जाते, मी स्वतः कोरा चहा पिते. चार महिने थायरॉइडच्या गोळ्या आणलेल्या नाहीत. महिन्याला ४,८०० रुपये वाचतात, तरी कर्ज जागचं हलत नाही. मला थकवा फार येतो, मुलांवर ओरडते. परवा धाकटा म्हणाला, "आई, दूध निळं का दिसतंय?" यजमानांकडे विषय काढला की ते चिडून बाहेर जातात. सासूबाईंना कर्जाचा आकडा माहीत नाही. दीर पुण्यात चांगल्या नोकरीत आहेत, पण त्यांच्याकडे मागणं बरं दिसत नाही. आता मुलीचा गणिताचा क्लास बंद करावा का? आणखी कुठे काटकसर करता येईल?

ताई,

गोळ्यांचं आधी. शंभरेक गोळ्यांची बाटली दोन-अडीचशे रुपयांत येते. म्हणजे चार महिन्यांत तुम्ही वाचवलेत ते फार तर तीनशे रुपये. आता एवढा खंड पडलाच आहे, तर परस्पर जुना डोस सुरू करू नका. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. तुमचा थकवा आणि चिडचिड यांतला किती भाग कर्जाचा आणि किती बंद केलेल्या गोळीचा, हे तरी कळू दे.

आता हिशेबाकडे येते. मी बावीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे पत्र वाचता वाचता पेन हातात आलंच. तुमच्या कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. ९२,००० वर ते होतं ३,२२० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५८०. झाले ३,८००. तुम्ही बिलावरचा 'मिनिमम ड्यू' म्हणून ४,६०० भरता. त्यातले मुद्दलात पडतात जेमतेम ८००. दूध, बाई, पेपर, रिक्षा, सगळीकडून ओरबाडून तुम्ही ४,८०० गोळा करता आणि त्यातले ३,८०० एकटं कार्ड गिळतं. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर ९२,००० चे ४६,००० व्हायला सुमारे साडेसहा वर्षं लागतील, आणि तेही कार्डावर नवा एक रुपया खर्च न करता. पण तुमच्याकडे महिनाअखेर पेट्रोल आणि किराणा कार्डावरच होतो असं तुम्ही पत्रात ओघात लिहून गेला आहात. मागची बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पेट्रोल भरलं त्या दिवसापासून मीटर चालू.

बाकीच्या कर्जांशी ताडून बघा. पतसंस्थेचा दर वर्षाला १४ टक्के, सोनेतारणाचा १२. भिशी आणि मामा, दोघांनाही व्याज नाही. कार्डाचा दर वर्षाला ४२ टक्के. एकूण देण्यात कार्डाचा वाटा सहाव्या हिश्शाहूनही कमी, पण महिन्याला जाणाऱ्या व्याजातला जवळजवळ निम्मा वाटा त्याचा. "कुठे काटकसर करू" या तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हेच: या ४२ टक्क्यांवर. स्वयंपाकघरात तुम्ही कापण्यासारखं काही उरवलेलंच नाही.

कार्ड कशानं फेडायचं? तुमचे चार तोळे गहाण आहेत, दोन पाटल्या आणि गोफ. २०२३ मध्ये तुम्ही ते ठेवलेत तेव्हा तोळा साठ हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्यानं लाख ओलांडला. म्हणजे त्याच दागिन्यांवर आज तुम्हाला बरंच जास्त कर्ज बसतं. सोन्याच्या किमतीच्या साधारण पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळतं असं धरलं, तरी तुम्ही २,४२,००० ला त्याच्या पुष्कळ खाली राहता. थकलेलं व्याज असेल तर ते आधी भरा, मग वाढीव ९२,००० घ्या आणि त्याच दिवशी कार्डाची बाकी शून्य करा. या ९२,००० वर महिन्याचं व्याज पडेल ९२०. आज पडतंय ३,८००. एका सहीनं महिन्याला २,८८० वाचले, आणि घरात कुणाच्या पेल्यातलं काही कमी झालं नाही.

यात जोखीम आहे, ती झाकत नाही. सोन्याचा भाव उतरला आणि व्याजही थकलं, तर तारण घेणारा लिलावाची नोटीस काढतो. म्हणून व्याज महिन्याच्या महिन्याला गेलं पाहिजे. "वर्षअखेरीला एकदम भरा" असा पर्याय कुणी गोड बोलून दिला तरी घेऊ नका. दुसरी जोखीम याहून मोठी. कार्ड रिकामं झालं की ते पुन्हा भरतं. माझ्या टेबलापुढे अशी कितीतरी कुटुंबं बसून गेली. कार्ड फेडायला कर्ज काढलं, दीड वर्षानं कर्जही आहे आणि कार्डही भरलेलं. तेव्हा बाकी शून्य झाली की कार्ड बंद करायचा अर्ज द्या आणि बंद झाल्याचं लेखी घ्या. नुसतं कात्रीनं कापून बँकेत खातं चालू ठेवण्याला अर्थ नाही.

एक पाटली मोडून कार्ड फेडणं हा त्याहून स्वच्छ मार्ग, असं माझं मत. तुम्ही लिहिलंय की ते सोनं मुलीच्या लग्नाचं आहे. ती नववीत आहे, ताई. तिच्या लग्नातल्या पाटलीसाठी आज तिचा क्लास बंद करायचा विचार चालला आहे, हे एकदा शांतपणे स्वतःला वाचून दाखवा. पण मोडायचं तर आधी सोडवायला पैसे लागतात, आणि पाटली मोडण्यावरून घरात रामायण होणार असेल तर तूर्त वाढीव सोनेतारणच बरं. तेही जमलं नाही तर कार्डाच्या बँकेला फोन करून सगळी बाकी हप्त्यांमध्ये बदलून मागा. त्याचा दर ४२ टक्क्यांच्या निम्म्याहून कमी असू शकतो, मात्र प्रोसेसिंग फी विचारून घ्या. 'सेटलमेंट' करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. अर्धी रक्कम भरून सुटल्यासारखं वाटतं, पण सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि उद्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी तो आडवा येतो.

हे झालं तर महिना कसा दिसेल? आज तुमचे हप्ते असे: कार्ड ४,६००, पतसंस्था ७,२००, सोन्याचं व्याज १,५००, भिशी २,५००. एकूण १५,८००. बदलानंतर पतसंस्था ७,२००, सोन्याचं व्याज २,४२०, भिशी २,५००, म्हणजे १२,१२०. उरले ३,६८०. त्यातले हजार घरात परत आणा, ते कशासाठी हे शेवटी सांगते. हजार मामांना द्या. राहिलेले १,६८० नऊ महिने कुठल्याही कर्जात घालू नका, पोस्टात किंवा बँकेत वेगळे ठेवा. पंधरा हजार जमतील. कर्ज असताना शिल्लक कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण गाडीचा टायर, सासऱ्यांची तपासणी, फ्रिजचा कॉम्प्रेसर यांतलं काहीतरी नऊ महिन्यांत येणारच, आणि तेव्हा हाताशी पैसे नसले की पुन्हा कार्ड आठवतं.

नऊ महिन्यांनी भिशी संपेल. मग तिचे २,५०० आणि हे १,६८० दर महिन्याला सोन्याच्या मुद्दलात. व्याज कमी होत जाईल तसा हप्ता कमी करू नका, तेवढेच भरत राहा. पतसंस्था साडेतीन वर्षांत संपते, तिचेही ७,२०० मोकळे होतात. माझ्या आकडेमोडीप्रमाणे चार वर्षांत पतसंस्था आणि सोनं दोन्ही फिटतात आणि मामांचे निम्मे जातात. दिवाळीचा बोनस यात मी धरलेला नाही. दिरांनाही धरलेलं नाही.

चार वर्षं हा आकडा वाचून छातीत धस्स झालं असेल. पण आज तुम्ही ज्या वाटेवर आहात तिला शेवट नाही, या वाटेला तारीख आहे.

भिशी आणि मामा, दोन्ही बिनव्याजी, म्हणून त्यांना सगळ्यात शेवटी टाकायचा मोह होतो. भिशीचं तसं करू नका. ती गल्लीतल्या बायकांच्या शब्दावर चालते. तुम्ही उचलली आहे, आता शेवटच्या नंबरवाल्या बाईचे पैसे तुमच्या हप्त्यात आहेत. मामांनी मागितलेले नाहीत म्हणता. तरी गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे जायचं टाळलंत, हे तुम्हीच लिहिलंय. महिन्याला हजार रुपयांनी त्यांचं लाखाचं देणं लवकर फिटणार नाही, पण त्यांच्या दारात जायची वाट उघडी राहील. पहिला हजार स्वतः नेऊन द्या.

आता तुमच्या पत्रातल्या त्या भागाकडे, जो तुम्ही तीन ओळींत उरकला आहे. ऑपरेशन सासऱ्यांचं, लग्न नणंदेचं, कार्ड यजमानांचं. आणि गोळ्या बंद कुणाच्या? बँकेत असताना मी एक पाहिलं: कर्जाच्या अर्जावर बाईची सही बहुतेक वेळा 'सहकर्जदार' म्हणून खालच्या ओळीत असायची, आणि कर्ज थकलं की पदर सावरत हप्ता भरायला तीच यायची. तुम्ही घरात कुणाला त्रास नको म्हणून आकडा पोटात ठेवलाय. पण ज्यांना आकडा माहीत नाही ते खर्च कमी करणार तरी कसे? सासूबाईंना दूध पातळ झालेलं दिसतंय, बाई बंद झालेली दिसतेय, कारण माहीत नाही. त्यांच्या मनात काय काय येत असेल! तुम्ही कंजूष झालात, किंवा तुम्हाला त्यांचं जड झालंय, असंही येत असेल.

यजमान चिडतात हे खरं. न भेटता त्यांच्याबद्दल निकाल देणार नाही. पण तुम्ही विषय कधी काढता, ते लिहिलं आहे: कार्डाचा मेसेज येतो त्या रात्री, ते शिफ्टवरून आल्यावर. वडिलांचं ऑपरेशन आपल्याला झेपलं नाही, ही बोच त्या माणसाला असणार, आणि रोज रात्री कुणीतरी तिच्यावर बोट ठेवतंय. वेळ बदला. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, चहाच्या आधी. एक दोनशे पानी वही घ्या. एका पानावर चार रकाने: कुणाचं देणं, किती, व्याजाचा दर, महिन्याचा हप्ता. सुरुवात "तुम्ही कार्डावर काय काय केलंत" अशी नको. वर सांगितलेलं ३,८०० चं गणित त्यांच्यासमोर मांडा आणि म्हणा, "हे कसं थांबवू या, ते तुम्हीच बघा." फौंड्रीत रोज माल किती गेला आणि रिजेक्शन किती, याचा हिशेब ठेवणारा माणूस आहे तो. त्याला आकडे कळतात. टोमणे नको असतात.

त्याच आठवड्यात सासूबाईंना सांगा. सगळा कागद नको, पण "आई, सहा लाखांचं देणं आहे, चार वर्षांत बरंचसं फेडायचं ठरवलंय" एवढं सांगा. ज्या पिढीनं एका पगारात सात माणसं जेवू घातली, तिला काटकसर शिकवावी लागत नाही, फक्त विश्वासात घ्यावं लागतं.

आणि दीर. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी ५०,००० दिले आणि विषय संपला, असं तुम्ही लिहिता. संपला कसा? वडील दोघांचे, बहीण दोघांची. ते देत नाहीत असं तुम्ही धरून चाललात, पण त्यांना विचारलं कुणी? त्यांनाही बहुधा वाटत असेल की दादानं सगळं निभावलं. मागायचं मात्र तुम्ही नाही, यजमानांनी. भावाकडे भाऊच बोललेला बरा, नाहीतर उद्या "वहिनीनं पैसे काढले" एवढंच उरेल. लाख-दोन लाख एकदम मागू नका, कुणाकडेही ते पडून नसतात. वहीचं पान दाखवून म्हणावं, "बाबांच्या ऑपरेशनचं सोनं अजून गहाण आहे, महिन्याला तीन हजार तू थेट त्या खात्यात भर." ठरावीक रक्कम, ठरावीक खातं, ठरावीक दिवस. नाही म्हणाले तर नाही. तुमचं चार वर्षांचं गणित त्यांच्यावाचून बसवलेलं आहे.

पतसंस्थेच्या कर्जाला यजमानांच्या दोन मित्रांचा जामीन आहे, तेव्हा तो हप्ता चुकला तर नोटीस त्यांच्याही घरी जाते हे लक्षात असू द्या. उलट बाजूनं, पुढची चार वर्षं यजमानांनी कुणालाही जामीन राहायचं नाही. मित्र नाराज होईल. होऊ दे.

घरखर्चात अजून कापण्यासारखं असेल तर ते महिन्याच्या यादीत सापडणार नाही, वर्षाच्या यादीत बघा. गेल्या वर्षी दिवाळी, लग्नसराईतले आहेर, देवदर्शनाची गाडी, वाढदिवस, यांवर किती गेले ते आठवून लिहा आणि बारानं भागा. बहुतेक घरांत हा आकडा दुधापेक्षा मोठा निघतो. नणंदेच्या बाळाचं जावळ पुढच्या महिन्यात आहे आणि अंगठी द्यावी लागेल, असं तुम्ही लिहिलंय. कर्ज जिच्या लग्नाचं, तिच्याच बाळाला अंगठी घालायला नवं कर्ज काढणार का? कपडे घ्या, पुरणपोळी करून न्या, आणि सासूबाईंना सगळं माहीत झालेलं असेल तर हे त्यांनाच बोलू द्या. विजेचं बिलही एकदा निरखून बघा. महावितरणचा दर शंभर युनिटच्या वर एकदम चढतो. तुमचा वापर शंभर-सव्वाशेच्या घरात असेल तर गीझरची दहा मिनिटं कमी करूनही फरक दिसतो. वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरून ठेवणं स्वस्त पडतं, हे खरंच. पण ते रोखीनं जमलं तरच. उधारीवर भरलेली गव्हाची पोती स्वस्त नसतात.

एक काम मात्र लगेच करा. सासरे ७४ वर्षांचे आहेत. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वयवंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, म्हणजे त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी ती नव्हतीच. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात होतात. बाकीच्या घरासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आधार आणि रेशनकार्ड घेऊन कार्डं काढून ठेवा, आणि आपल्या भागातली कुठली रुग्णालयं यादीत आहेत ते आत्ताच विचारून वहीत लिहा. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसून ते शोधता येत नाही.

तुमच्यासारखीच पत्रं मला आणखी येतात, त्यांतल्या काहींत पतसंस्थेच्या जागी खासगी सावकार असतो, महिन्याला पाच टक्के, दहा टक्के. त्यांच्यासाठी एवढंच: परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. कोरे चेक आणि सही केलेले स्टँप पेपर दिले असतील तर कुठे, कधी, किती, कुणासमोर, ते आज आठवतंय तोवर लिहून काढा. आणि मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर आणि फोटो पाहायची परवानगी देऊ नका. वसुलीच्या वेळी ते तुमच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचतात.

राहिला मुलीचा क्लास. बंद करायच्या आधी तिला विचारा. घरात देणं आहे हे तिला नीट शब्दांत सांगितलंत तर ती घाबरणार नाही; आज ती कुजबूज ऐकून घाबरते आहे. कदाचित ती म्हणेल, गणिताचा हवाच, शनिवारचा दुसरा क्लास नको. तसं झालं तर तिचं ऐका.

आणि ते हजार रुपये. त्यात अर्धा लिटर दूध वाढतं, दीड लिटर होईल. त्यात पाणी घालू नका. पुरत नसेल तर पेला लहान घ्या, आणि सकाळी एक कप दुधाचा चहा तुमच्यासाठी बाजूला काढा. गोळी त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, रिकाम्या पोटी.